बेरजेंतील चूक कशी शोधावी

शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांतील मंडळ्यांमध्यें आमचें जाणेंयेणें नेहमीं असतें. घोडनदीच्या बाजूस कांदा, भीमेच्या बाजूस ऊंस, आणि दोहोंकडे घरांत शाळेंत जाणारें एखादें लेंकरूं, अशी बहुतेक कुटुंबांची स्थिति आहे. प्रार्थना आटोपली म्हणजे कोणी कांद्याची पट्टी पुढें करितो आणि म्हणतो, "पाळकसाहेब, एवढी बेरीज पाहतां का?" कोणी मुलाची गणिताची वही आणितो. असल्याच एका वहीमुळें हा धडा लिहिण्याची बुद्धि आम्हांस झाली.

भीमेकांठच्या एका खेड्यांत आमचे एक उपदेशक बंधु सायंकाळीं मुलांस शिकवितात. त्यांच्या वर्गांतील एक मुलगा दोन दिवस आला नव्हता. विचारतां कळलें कीं, त्यावर दुसऱ्याचें पाहून लिहिल्याचा आळ आला होता. दोन अंकी बेरजा तो बिनचूक करी, आणि तीन अंकी बेरजा मात्र बहुतेक चुकवी. म्हणून उपदेशक बंधूंनीं असा तर्क केला कीं, सोप्या बेरजा हा शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेतो. मुलाची आई वही घेऊन आमच्याकडे आली. ती रागावलेली नव्हती, पण तिचे डोळे भरले होते. वहींत पुढील चार बेरजा होत्या:

५२ + ३१ = ८३
४७ + २५ = ७२
३४६ + २१८ = ६६४
१२८ + ३५ = २६३

पहिल्या दोन बरोबर आहेत. तिसरीचें खरें उत्तर ५६४ व चवथीचें १६३. वाचकांनीं येथें थोडें थांबावें व दोन्हीं चुकलेलीं उत्तरें खऱ्या उत्तरांशेजारीं ठेवून पाहावीं. दोहोंतही एकं बरोबर, दहं बरोबर, आणि शतं मात्र एकानें अधिक. जें मूल वाटेल तें लिहितें त्याची चूक अशी एकाच जागीं व एकाच मापाची पडत नाहीं. येथें कांहीं नियम आहे असें आम्हांस वाटलें.

आम्हीं मुलास बोलावून आणविलें आणि ४७६ व २८९ ह्यांची बेरीज तोंडानें बोलत करावयास सांगितली. तो म्हणाला, "सहा आणि नऊ पंधरा, पंधराचे पांच मांडले, हातचा एक," आणि त्यानें डाव्या हाताचें एक बोट उभें केलें. "सात आणि आठ पंधरा, आणि एक सोळा, सहा मांडले, हातचा एक," आणि दुसरें बोट उभें राहिलें. "चार आणि दोन सहा, हातचे दोन, आठ." उत्तर आलें ८६५. खरें उत्तर ७६५.

सर्व प्रकार आमच्या डोळ्यांपुढें उघडा झाला. हातचा म्हणजे हातांत धरलेला, हें तो अक्षरशः पाळीत होता. पण दहंच्या रकान्यांत तो मिळविल्यावर बोट मिटावयाचें असतें, हें त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें. दोन अंकी बेरजेंत पुढें रकानाच नसल्यामुळें उभें राहिलेलें बोट कोणास कळलें नाहीं. म्हणूनच सोप्या बेरजा बरोबर आणि अवघड चूक. त्यानें कोणाचें पाहून लिहिलें नव्हतें. तो तर इतर मुलांपेक्षां अधिक इमानानें शिकविलेलें पाळीत होता. "मिळविला कीं बोट मीट," एवढें सांगतांच पुढच्या तीनही बेरजा त्यानें बरोबर केल्या. उपदेशक बंधूंनीं आपण होऊन त्याच्या आईची क्षमा मागितली.

अमेरिकेंत जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन ह्या दोघां विद्वानांनीं सन १९७८ मध्यें ह्याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. मुलांच्या पुष्कळ चुका ह्या निष्काळजीपणाच्या नसून एखादा चुकीचा नियम निष्ठेनें पाळल्याच्या असतात, आणि तो नियम उत्तरांवरून ओळखतां येतो, असें त्यांचें म्हणणें आहे. त्यांच्या उदाहरणांतही हातचा न सोडणारा एक विद्यार्थी आहे. बोटें सर्व देशांत सारखींच.

तेव्हां वहीवर लाल फुली मारून ती परत करणें हें शिक्षकाचें अर्धेंच काम होय. फुलीनें मुलास इतकेंच कळतें कीं आपण चुकलों. कोठें चुकलों हें कळत नाहीं, आणि पुढच्या वेळीं तें पुन्हा तोच नियम अधिक काळजीपूर्वक चालवितें. आतां जे नियम आम्हांस वारंवार आढळतात ते ४७८ व २५६ ह्या एकाच बेरजेवर दाखवितों. खरें उत्तर ७३४ आहे.

एका मुलीनें ६२४ लिहिलें. हिनें प्रत्येक रकाना बरोबर केला, पण हातचा घेतलाच नाहीं. म्हणून उत्तर ११० नीं कमी आलें. अशा चुकीचा फरक १०, १०० किंवा ११० असा येतो, आणि तो पाहतांच हातच्याची शंका घ्यावी. दुसऱ्या मुलानें ६१२१४ लिहिलें. त्यानें चौदा खालीं मांडले, त्यापुढें बारा, त्यापुढें सहा. ह्यावर वर्गांत हंशा पिकतो. परंतु हंसण्याचें कारण नाहीं, कारण ह्या मुलाची बेरीज उत्तम असून एका घरांत एकच अंक राहतो एवढेंच त्यास ठाऊक नाहीं. त्यापुढें दहा दहा काड्यांच्या जुड्या ठेवाव्या. चौदा काड्यांतून एक जुडी बांधून ती शेजारच्या घरांत सरकविली म्हणजे फळ्यावर अर्धा तास बोलून जें होत नाहीं तें होतें. तिसऱ्यानें १२११ लिहिलें. हें उत्तर पाहून प्रथम आम्हीही गोंधळलों. त्यानें चौदांतील एक खालीं मांडून चार हातचे घेतले. मग सात, पांच व चार मिळून सोळा, त्यांतील एक मांडून सहा हातचे घेतले. मग चार, दोन व सहा मिळून बारा. चौदा लिहितांना एक आधीं लिहिला जातो, म्हणून आधीं लिहिलेला तोच खालीं जावयाचा, असा त्याचा समज.

हातचा नेहमीं दहावरच होतो असेंही नाहीं. सन १९५७ पर्यंत आपल्याकडे बारा पैंचा आणा व सोळा आण्यांचा रुपया होता, आणि त्या वेळच्या मुलांस एकाच बेरजेंत तीन तऱ्हेचे हातचे सांभाळावे लागत. दशमान नाणीं झाल्यापासून तो त्रास गेला. पण घड्याळाचा राहिला आहे. दौंड स्टेशनावरून सुटणारी गाडी नऊ पंचेचाळीसची आणि चाळीस मिनिटें उशीर, तर ती केव्हां सुटेल असें विचारावें. नऊ पंच्यायशी हें उत्तर देणारीं मोठीं माणसेंही आम्हीं पाहिलीं आहेत.

दुसरी मोठी जात मांडणीच्या चुकांची. ३४५ मध्यें २७ मिळवावयाचे असतां मूल २७ मधील दोन हा तीनच्या खालीं ठेवितें, आणि ३७२ च्या ऐवजीं ६१५ आणितें. अक्षरें आपण डावीकडून लिहितों, म्हणून तें अंकही डावीकडून लावतें. ह्या चुकीच्या परीक्षेसाठीं जुन्यांतील जुनें एक उदाहरण आम्हांस फार आवडतें. भास्कराचार्यांनीं सन ११५० मध्यें लीलावती हा ग्रंथ रचिला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याचा शिलालेख खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. लीलावतींतील बेरजेच्या पहिल्याच प्रश्नांत २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० ह्या संख्या मिळवावयास सांगितल्या आहेत. त्या पद्यांत शब्दांनीं दिल्या आहेत, म्हणजे मांडणी विद्यार्थ्यानेंच करावयाची; आणि लांबी एकसारखी नाहीं, म्हणजे मांडणी चुकण्यास पूर्ण वाव. बरोबर मांडल्यास ३६० येतात. सर्व डावीकडून लाविल्यास १५९३ येतात. कोणत्याही वर्गास हीं गणितें घालावीं, आणि ज्याचें उत्तर १५९३ येईल त्याजकडे जाऊन बसावें.

त्याच ग्रंथांत बेरीज उजवीकडून किंवा डावीकडून कशीही करण्यास मोकळीक आहे. म्हणून डावीकडून आरंभ करणाऱ्या मुलास एकदम रागें भरूं नये. जुने गणिती धुळीच्या पाटीवर अंक लिहीत व हातचा आला कीं मागचा अंक पुसून सुधारीत. वहींत शाईनें लिहिणाऱ्यास तें साधत नाहीं, म्हणून आपण उजवीकडून आरंभ करितों. एवढेंच त्याचें कारण, आणि तें मुलास सांगावें.

आतां जी चूक विशेषेंकरून आपल्या मराठी भाषेमुळें होते तिजकडे वळूं. आपण त्रेसष्ट म्हणतों तेव्हां तीन आधीं व साठ मागून येतात. लिहितों मात्र ६३, म्हणजे सहा आधीं. ऐकून लिहिणारें मूल ३६ लिहितें. ह्याहून अवघड म्हणजे ‘एकोण’. एकोणपन्नास ह्या शब्दांत पन्नास मोठ्यानें ऐकूं येतात, म्हणून ४९ च्या जागीं ५९ लिहिले जातात. सन २०१९ मध्यें बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा तऱ्हेचें संख्यावाचन आलें, तेव्हां महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर ह्यांनीं मुलांच्या ह्याच अडचणीकडे बोट दाखविलें होतें. जुने शब्द टाकावे असें आमचें मत नाहीं. बाजारांत व घरांत तेच चालतात. परंतु आंकडा सांगतांना "त्रेसष्ट, सहा-तीन" असें दोनदां बोलण्यास कांहींच खर्च नाहीं.

तो खर्च न केल्यानें काय होतें हें आम्हीं शिरूर तालुक्यांतील एका लहान मंडळींत पाहिलें. कापणीच्या सणाचें दान जमा झालें होतें. एक बंधु पावत्या वाचीत होते व खजिनदार बाई वहींत लिहीत होत्या. वहींतील रकमा अशा: १,२५०, ४६३, ८७५, ३४९, २,००५. बेरीज ४,९४२ रुपये. पेटींत निघाले ४,९१५. सत्तावीस रुपये कमी. ही कांहीं मोठी रक्कम नव्हे, पण खेड्यांत रकमेपेक्षां तिजविषयींचें बोलणें मोठें होतें. आणि बाई विधवा, पेटी त्यांच्याच घरीं. त्यांनीं सत्तावीस रुपये आपल्या पदरचे घालून विषय मिटविण्याचें ठरविलें होतें. आम्हीं तसें करूं दिलें नाहीं. पैसे घातले असते तर हिशेब जुळला असता, पण चूक वहींत राहिली असती आणि संशय लोकांच्या मनांत.

बेरीज दोनदां करून पाहिली. ती बरोबरच होती. मग आम्हीं सत्तावीसास नवांनीं भागिलें; बाकी उरली नाहीं, भागाकार तीन आला. ह्याचा अर्थ असा. एखादा अंक दहंच्या घरांतून एकंच्या घरांत आला कीं त्याची किंमत स्वतःच्या नऊपट घटते. सहाचे साठ होते ते सहा होतात, चोपन्न गेले. उलट जाणाऱ्याची तितक्याच पटीनें वाढते. तीनाचे तीस झाले, सत्तावीस आले. म्हणून दोन शेजारच्या अंकांची अदलाबदल झाली कीं फरक नवानें भागला जातोच, आणि एकं-दहंची अदलाबदल असेल तर भागाकार हा त्या दोन अंकांतील अंतर असतो. तेव्हां ज्या रकमेंत एकं व दहं ह्यांत तीनाचें अंतर आहे ती शोधावी. पांच रकमांत अशी एकच होती: ४६३. पावती काढली, ती ४३६ ची होती. चारशें छत्तीस वाचलें गेलें आणि चारशें त्रेसष्ट लिहिलें गेलें. पावती सर्वांनीं पाहिली, आणि बाईंनीं त्या दिवशीं प्रथमच चहा घेतला.

ज्यांच्याकडे मंडळीची, बचतगटाची किंवा दुधाची वही आहे त्यांनीं फरकाकडे असेंच पाहण्याची संवय करावी. फरक दहा किंवा शंभर असेल तर हातचा, किंवा एकोणपन्नासाचे एकोणसाठ. फरकाच्या नेमकी निम्मी रक्कम वहींत असेल तर जमेची रक्कम खर्चास पडली आहे किंवा खर्चाची जमेस. एखादें शून्य अधिक पडून ४५ चे ४५० झाले असतील तर फरक ४०५ येतो. हाही नवांनीं भागला जातो, आणि भागाकार ४५ म्हणजे ती मूळ रक्कमच हातीं येते.

बेरीज चुकलेली नसून एखादी रक्कम उतरतांना चुकली असावी, असा प्रसंग पवित्र शास्त्राच्या अभ्यासकांपुढेंही आहे. गणनेच्या तिसऱ्या अध्यायांत गेर्षोनाच्या कुळांतील पुरुष ७,५००, कहाथाच्या ८,६०० व मरारीच्या ६,२०० सांगितले आहेत. वाचकांनीं बेरीज करावी. ती २२,३०० होते, आणि एकोणचाळिसाव्या वचनांत एकूण संख्या २२,००० दिली आहे. पुष्कळ विद्वानांचें म्हणणें असें कीं, इब्री भाषेंत तीन व सहा ह्या शब्दांत एका लामेद अक्षराचाच भेद असल्यानें प्रत उतरणाऱ्याकडून तें अक्षर गळलें असावें, आणि मूळ आंकडा ८,३०० असावा; कांहीं जुन्या ग्रीक प्रतींत तसा पाठ आहेही. यहूदी पंडितांचा जुना खुलासा निराळा: ते तीनशें स्वतः प्रथमजन्मलेले लेवी असल्यामुळें ह्या मोजणींतून वगळले. ज्यांस ह्या आंकड्यांवरून कोणी अडवितो त्या उपदेशकांनीं हे दोन्हीं खुलासे ध्यानांत ठेवावे, आणि आधीं बेरीज स्वतः केलेली असावी.

आतां ताळ्याविषयीं. नवाचा ताळा आपल्याकडे फार जुना आहे. दहाव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाणारे दुसरे आर्यभट ह्यांच्या महासिद्धांतांत तो सांगितला आहे. रीत अशी: प्रत्येक संख्येचे अंक मिळवून एकच अंक उरेपर्यंत मिळवीत जावें. ४७८ चे एकोणीस, त्याचे दहा, त्याचा एक. २५६ चे तेरा, त्याचे चार. एक व चार पांच. उत्तर ७३४ चे चौदा, त्याचे पांच. ताळा जमला. हातचा सोडणाऱ्या मुलीच्या ६२४ चे बारा, त्याचे तीन. ताळा जमत नाहीं, चूक पकडली गेली. येथवर ठीक. परंतु ७३४ च्या जागीं कोणीं ७४३ लिहिलें तरीही पांचच येतात. ६१२१४ चेही पांच. १२११ चेही पांच! ज्या अदलाबदलीच्या चुका आपल्या लोकांत सर्वांत अधिक, त्याच ह्या ताळ्यास दिसत नाहींत. शिरूरकडील ४६३ व ४३६ मध्येंही त्यास भेद कळला नसता. म्हणून केवळ नवाच्या ताळ्यावर विसंबणें आम्हांस पसंत नाहीं.

अकराचा ताळा अशा चुका पकडतो. उजवीकडून पहिला अंक मिळवावा, दुसरा वजा करावा, तिसरा मिळवावा, ह्याप्रमाणें जावें. ४७८ मध्यें आठांतून सात गेले एक, त्यांत चार मिळून पांच. २५६ मध्यें सहांतून पांच गेले एक, त्यांत दोन मिळून तीन. दोन्हीं मिळून आठ. आणि ७३४ चे चारांतून तीन जाऊन एक, त्यांत सात मिळून आठ. ताळा जमला. ७४३ चे मात्र सहा येतात. उत्तर अकराहून मोठें आल्यास अकरा वजा करावे व शून्याखालीं गेल्यास अकरा मिळवावे.

लहान मुलांस हे दोन्हीं ताळे जड जातात. त्यांस अंदाज शिकवावा: ४७८ म्हणजे पांचशेंच्या जवळ, २५६ म्हणजे अडीचशें, तेव्हां उत्तर साडेसातशेंच्या आसपास. हें आधीं बोलून ठेवलेलें मूल ६१२१४ लिहून स्वस्थ बसत नाहीं. मोठ्यांनीं वरून खालीं केलेली बेरीज खालून वर करून पाहावी. त्याच वाटेनें पुन्हा गेल्यास माणूस बहुधा त्याच खड्ड्यांत पडतो.

कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे, मग हा खटाटोप कशास? मोबाइल हातचा विसरत नाहीं हें खरें. पण छत्तीसाच्या जागीं त्रेसष्ट दाबले तर तो त्रेसष्टच मिळवितो, आणि पट्टीवर हमाली दोनदां धरली असेल तर दोनदां वजा करितो.

पुढील बेरजा एकाच मुलीनें केल्या आहेत. पहिली बरोबर आहे. बाकीच्या दोहोंवरून तिचा नियम वाचकांनीं शोधावा.

१२३ + ४५ = १६८
३०४ + ५२ = ३०६
२६० + १३४ = ३९०

नियम सांपडला असें वाटल्यास, ४१० व २०५ ह्यांची बेरीज तिनें काय लिहिली असेल तें आधीं कागदावर मांडावें. आमच्या कागदावर ६०० आहेत.